एकाहत्तर थर

भिंतीवरची बाई म्हातारी होत चालली आहे, हे योरीन हावरकाम्पच्या लक्षात यायला सात महिने लागले. बरं, योरीन काही वेंधळी नव्हती. जुन्या डच घरांतल्या रंगवलेल्या भिंती हाच तिच्या पीएच.डी.चा विषय होता. अडीचशे वर्षांपूर्वी सुखवस्तू लोक दिवाणखान्याच्या भिंतींना छतापासून खालपर्यंत चित्रांचं कापड ठोकून घेत. त्यावर झाडं, पाणी, गायी आणि लांब जाणारे रस्ते असत. ते कापड कुठं विणलं, त्याला अस्तर कशाचं दिलं, निळा का विटला आणि हिरवा का काळवंडला, हे योरीन मोहरीहून बारीक रंगाचा कण खरवडून मायक्रोस्कोपखाली वाचत असे. जिला मोहरीतलं दिसतं तिला साडेतीन मीटर उंचीच्या भिंतीवरचं दिसू नये! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

झालं होतं ते असं. झीरिकझे या समुद्रकाठच्या गावी, जुन्या धक्क्यावर क्राइन बोगर्ट या एक्क्याऐंशी वर्षांच्या एकट्या म्हाताऱ्याचं घर होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत अशी एक भिंत होती. ओढ्याकाठचा रस्ता, दोन ओक, दूर चर्चचा मनोरा. योरीनला दफ्तरखान्यात त्याच निसर्गचित्राचे तीन जुने फोटो सापडले, तिन्ही पाठीमागे घराचं नाव नसलेले. १९५६ च्या फोटोत रस्त्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. १९७४ च्या फोटोत ऐन पंचविशीतली तरुणी. १९९८ च्या फोटोत पन्नाशीची, अंगानं भरलेली बाई. योरीननं लगेच अनुमान काढलं: त्या काळचे कारखाने एकच निसर्गचित्र अनेक घरांसाठी रंगवून ठेवत आणि माणसं मात्र गिऱ्हाइकाच्या आवडीनं वर चढवत. म्हणजे ही तीन वेगळ्या घरांतली तीन कापडं, आणि बोगर्टच्या घरातलं चौथं. तिनं प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावर उभं केलं. परिषदेत वाचलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या मार्गदर्शक डॉ. फेर्मास सहसा 'बरं आहे' याच्या पुढे जात नसत, त्याही 'छान' म्हणाल्या.

मग जानेवारीत तिनं भिंतीला एका बाजूनं दिवा लावला. कडेनं उजेड पडला की रंगाचे उंचवटे दिसतात. बाकी भिंत जवळजवळ सपाट होती. रस्त्यावरची बाई मात्र उठून आली होती, इतकी की तिची नाजूक सावली मागच्या गवतावर पडली. योरीननं तिच्या शालीच्या काठावरून, जिथं आधीच एक टवका उडाला होता तिथून, एक कण काढला. ओकच्या बुंध्यापाशी गवतही जाड दिसलं म्हणून तिथलाही काढला. दोन्ही पारदर्शक राळेत बसवून कडेचे थर दिसेपर्यंत घासले आणि बाईचा आधी मायक्रोस्कोपखाली ठेवला.

रंगाचा एक थर, वर काचेसारखा पातळ पांढुरका थर. पुन्हा रंग, पुन्हा पांढुरकं. तिनं मोजले. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. एकाहत्तर.

तिनं तिन्ही फोटो भिंतीसमोर जमिनीवर मांडले आणि बाई सोडून प्रथमच आजूबाजूला पाहिलं. आभाळात डावीकडे एक आडवी चीर होती. तिन्ही फोटोंत तीच चीर, त्याच वळणाची. मनोऱ्याखाली खिळ्याचं एकच भोक. तीन घरं नव्हतीच. ही एकच भिंत होती. आणि भिंतीवर आत्ता उभी होती ती पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांची, ज्यात कुठलंही शतक खपून जावं अशा गडद झग्यातली आणि शालीतली पंचाहत्तरीपलीकडची बाई.

बाहेर समुद्रावरून वारा सुटला होता. कापड आणि विटा यांच्यामध्ये बोटभर पोकळी असते. तिथं वारा शिरला की अशी भिंत फुगते आणि पुन्हा बसते. योरीननं हे शंभर वेळा पाहिलं होतं, शंभर जणांना हसत समजावलंही होतं. त्या दुपारी भिंत फुगली, बाई अर्धं पाऊल पुढे आली आणि मागे गेली, तेव्हा योरीन झटकन उठली. ती दिवा तसाच जळता ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

क्राइन टेबलाशी बसून कॉफीत साखर ढवळत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग धरला होता, फक्त कडेनं दिसायचं. त्यामुळे तो माणसाशी बोलताना नेहमी त्याच्या खांद्यापलीकडे बघे, जणू मागे आणखी कुणी उभं आहे.

"काय डॉक्टरीणबाई, भूत पाहिलंत की काय?"

"मेनीर बोगर्ट, ती बाई कोण आहे?"

"या घरात सध्या एकच बाई आहे आणि ती रोज माझ्या वाटणीचा बोलुस खाते." त्यानं दालचिनीच्या पाकात न्हालेला पाव तिच्याकडे सरकवला. "घे. थंड झाला की दाताला चिकटतो."

"चेष्टा नको. कुणीतरी दर वर्षी तिला नव्यानं रंगवतंय. एकाहत्तर वेळा रंगवलंय."

क्राइनचा चमचा थांबला. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "एकाहत्तर बरोबर आहे. यंदाचा थर राहिलाय. माझ्या बहिणीचा आहे तो. मिनाचा."

झीरिकझेत एकोणीसशे त्रेपन्न म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. त्या फेब्रुवारीच्या एक तारखेला बांध फुटले आणि समुद्र आत आला. क्राइन नऊ वर्षांचा आणि मिना सहा वर्षांची. दोघं शनिवारी पलीकडच्या खोलगट शिवारात आजीच्या शेतावर राहायला गेली होती. क्राइन सोमवारी सापडला. मिना सापडली नाही, तिचा देहही नाही. गावात, या घरात पाणी कमरेइतकं चढलं होतं. भिंतीच्या चित्राचा खालचा भाग खारट पाण्यात सडला. पुढं कारागीर आले, त्यांनी कापडाला मागून गरम मेणाचं अस्तर दिलं आणि रस्ता, गवत पुन्हा जुळवून दिलं.

"आई रंगाऱ्याची मुलगी," क्राइन सांगत होता. "लाकडावर संगमरवर काढायची, असा की तू हात लावून पाहशील. वर्ष झालं त्या दिवशी तिनं सरसात रंग कालवला, बैलाचं पित्त दोन थेंब टाकलं म्हणजे जुन्या तेलावर रंग धरतो, आणि मिनाला त्या रस्त्यावर काढलं. सात वर्षांची. वरून अंड्याचा पांढरा बलक. पुढच्या वर्षी आठ वर्षांची. देह नाही म्हणजे मेली नाही, असं आईचं म्हणणं. मग जी मेली नाही ती वाढणारच की. ब्याऐंशी साली आई गेली. पुढची मी काढली."

"पण का? तुम्ही थांबू शकला असता."

"तू सांग थांबायला," क्राइन तिच्या खांद्यापलीकडे पाहत म्हणाला. "एका वर्षी उशीर केला होता मी, इन्फ्लुएन्झा झालेला. पंधरा दिवस. खोलीत जायची सोय राहिली नाही. बघायची माझ्याकडे."

योरीनला हसू आलं नाही.

खरी अडचण पुढे होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. एक मार्चला हे घर वारसा जपणाऱ्या एका संस्थेकडे जाणार होतं. क्राइनसाठी वृद्धाश्रमात खोली ठरली होती. संस्थेचा नेम साधा होता: भिंत अठराव्या शतकात होती तशी करायची, नंतर चढलेलं सगळं उतरवायचं. काय जुनं आणि काय नंतरचं, हे योरीनच्या अहवालावरून ठरायचं होतं. तिनं खरं लिहिलं की मिना गेली.

"लिहू नकोस," क्राइन म्हणाला. "नाहीतरी कुणाला कळलंय? तुमच्या परिषदेत टाळ्या पडल्या म्हणालीस ना? पडू दे की. तुझं प्रकरण राहील, माझी बहीण राहील."

मोह पडावा असाच सौदा होता. योरीननं आठवडाभर तो मनात घोळवला. डॉ. फेर्मासना फोन केला आणि मोघमच विचारलं, की एखाद्या पुराव्यानं आपलंच प्रकरण कोसळत असेल तर काय करायचं. बाई म्हणाल्या, "रडायचं, चहा प्यायचा आणि जे दिसलं ते लिहायचं. का, काय दिसलंय?" योरीननं 'अजून नक्की नाही' म्हणून फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती या बाईंशी खोटं बोलली होती आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

त्या आठवड्यात तिला खोलीत काम करवेना. कण काढायला वाकली की मानेवर नजर जाणवे. पाठ फिरवली की वाटे, आता मागे पाऊल वाजेल. हा सगळा मेण, सरस आणि वाऱ्याचा खेळ आहे हे ती स्वतःला बजावे आणि तरी खुर्ची अशी वळवून बसे की भिंत समोर राहील. एकदा तिनं आपली शाल दिव्याच्या दांड्यावर टाकून बाईला झाकून टाकलं. पाच मिनिटांत तिला इतकं वाईट वाटलं की ती उठून शाल काढून घेऊन आली आणि अभावितपणे 'सॉरी' म्हणाली.

शेवटी तिनं ठरवलं. प्रकरण गेलं तर गेलं. खरं लिहायचं, पण बाईला हात लावू नका असंही लिहायचं. सत्तर वर्षांचा शोक हाही इतिहासच आहे, असं वाक्यसुद्धा तिनं तयार केलं आणि त्यावर ती जरा खूश झाली. हे सांगायला ती एक फेब्रुवारीला सकाळी क्राइनकडे गेली.

चर्चची घंटा वाजत होती. गावातली माणसं पुष्पचक्रं घेऊन स्मारकाकडे निघाली होती. क्राइन मागच्या खोलीत, भिंतीसमोर स्टुलावर बसला होता. शेजारी रंगाची पेटी, एका वाटीत फोडलेलं अंडं, पित्ताची बाटली. हातात ब्रश. ब्रशाचं टोक मिनाच्या गालापासून वीतभर दूर थांबलं होतं.

"कधीपासून बसलायत?"

"उजाडल्यापासून. तिचा चेहरा माझ्या डागात आलाय गं. कडेनं बघितलं तर हात तिकडे जातो. हाताकडे बघितलं तर ती जाते." त्यानं ब्रश तिच्यासमोर धरला. "तू काढ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तोंडाभोवती दोन सुरकुत्या आणि मान थोडी खाली. तुला येईल. तुला माझ्याहून बरं येईल."

योरीननं ब्रश हातात घेतला. इतकी वर्षं तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: जुन्या चित्रात आपलं काही घालायचं नाही. तिनं रंग घेतलाही. पण मिनाच्या डोळ्यांसमोर ब्रश नेला आणि तिला कळलं की नेम-बिम सगळं निमित्त आहे. तिला भीती वाटत होती. एकदा काढलं की पुढच्या एक तारखेला, आणि त्याच्या पुढच्या, आपल्याला इथं यावंच लागणार, अशी तिची खात्री झाली. तिनं ब्रश वाटीत ठेवला.

"मला नाही जमणार, मेनीर. पण मी तिला वाचवते. अहवालात लिहिते की हिला काढू नका. ठेवतील ते."

बाहेर घंटा थांबली.

"अशीच ठेवतील? सत्याहत्तर वर्षांची? मी गेल्यावरही?"

"हो."

"आणि लोक तिकीट काढून बघतील." त्यानं मान हलवली. "नको. त्यापेक्षा उतरव तिला. तुझ्या हातानं उतरव, परक्याच्या नको."

"तुम्हीच म्हणालात, बहीण राहील म्हणून!"

"ते भीतीनं म्हणालो. तुला सगळं सांगितलं कुठं मी?" तो आता थेट तिच्या तोंडाकडे पाहत होता, म्हणजे त्याला ती दिसत नव्हती. "आजीचं छप्पर सुटून तराफ्यासारखं वाहत होतं. आजी पहाटेच गेलेली. आम्ही दोघं रविवारी दुपारपर्यंत होतो. मग दुसरी भरती आली, पहिलीहून मोठी. मी एका हातानं वासा धरला होता आणि एका हातानं तिला. माझी बोटं गारठली होती. सगळे म्हणतात, लाटेनं ओढून नेलं. लाटेनं नाही ओढलं, पोरी. दोन्ही धरवेना म्हणून मी एक सोडलं. वासा नाही सोडला."

योरीन त्याच्याजवळ जमिनीवरच बसली. नऊ वर्षांचं पोर होतात हो तुम्ही, असं काहीतरी ती म्हणाली. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"आईला सांगितलं होतंत?"

"दीड वर्षानं. चौपन्नच्या उन्हाळ्यात, बीन्स सोलताना. ती बीन्स सोलत राहिली." त्यानं नाक पुसलं. "आईनं तिला मरू दिलं नाही आणि मी तिला म्हातारी केली. पाठ वाकवली, दात पाडले. सहा वर्षांच्या लेकरावर हे सगळं मी केलं. आता पुरे. उतरव."

योरीननं दुसऱ्याच दिवशी काम सुरू केलं. हे काम सावकाश होतं. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून हलकेच फिरवायचा. माणसाच्या थुंकीइतकं सौम्य आणि नेमकं औषध या धंद्यात अजून निघालेलं नाही, अंड्याचा पांढरा बलक थुंकीनं विरघळतो. मग सरसाचा रंग मऊ पडतो आणि लाकडी सुरीनं उचलता येतो. खालच्या तेलरंगाला धक्का लागत नाही. दर पाच-सहा थरांनंतर ती थांबून फोटो काढी. क्राइन स्टुलावर बसून असे आणि ती सांगे तसं ऐके.

पहिल्या तीन दिवसांत पांढरे केस करडे झाले. पाठ ताठ होत गेली. पन्नाशीची बाई आली, फोटोतली, गालांनी भरलेली. "त्या साली माझ्याकडे गुलाबी जास्त होता," क्राइन म्हणाला आणि स्वतःशीच हसला. पुढं चाळिशी आली, पस्तिशी आली. एका ठिकाणी कामाची ढब एकदम बदलली. फटकारे बारीक, अचूक झाले. योरीननं सांगण्याआधीच क्राइननं विचारलं, "आईचे आले ना?" रोज संध्याकाळी ती परत निघे तेव्हा मिना सकाळपेक्षा लहान असे, आणि रोज सकाळी दार उघडताच योरीन आधी रस्त्याकडे पाही. कारण कुठंतरी तिला वाटत होतं की कापूस फिरवायच्या आतच ती पोर रस्त्यावरून निघून गेलेली असेल.

बाराव्या दिवशी मिना आठ वर्षांची झाली. तिच्याखाली एकच थर उरला होता, पहिल्या वर्षाचा. पण तो काढायच्या आधी डाव्या बाजूचं गवत मोकळं करणं भाग होतं. मिनाचा झगा त्या गवतात अडकला होता, आणि तिथला रंगही तितकाच जाड होता.

"हे गवतही नंतरचंच आहे का, मेनीर? ओकच्या बुंध्याजवळचं, वीतभर रुंद."

"हो तर. ते माझं काम," क्राइन म्हणाला. त्याचा आवाज खुलला. "आईचा कडक नेम. आधी गवत, एकच हात, पण चांगलं दाट. ते वाळलं की मगच मिनाला हात लावायचा. मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून गवत माझ्याकडे. ती म्हणायची, मिनाच्या पायाशी ओल धरते, ती झाकली नाही तर वर येते."

ओल. योरीनलाही वाटली होती. इन्फ्रारेडच्या फोटोत तिथं एक काळसर उभा डाग दिसला होता आणि तिनं तो पाण्याचा समजून नोंदवला होता. तिनं बोळा ओला केला. गवताचे थर मिनासारखेच निघत गेले, वर्षामागून वर्ष. दुपारपर्यंत हिरव्यातून तपकिरी काहीतरी वर आलं. ती लोकरीच्या मोज्याची कड होती. मग गुडघा. मग आखूड चड्डी.

पुढचे दोन तास ती बोळा फिरवत राहिली. क्राइननं दोनदा विचारलं, 'काय आहे?' ती म्हणाली, 'थांबा.' शेवटचं गवत निघालं आणि त्याच ओघात मिनाचाही वरचा थर निघाला. मग ती उठली, सगळे दिवे भिंतीकडे वळवले आणि क्राइनच्या हातात मोठं भिंग दिलं. त्याचं स्टूल कडेला, जिथून त्याला दिसेल तिथं सरकवलं.

रस्त्यावर दोन मुलं होती. सात वर्षांची मुलगी, आणि तिच्याहून डोकंभर उंच एक मुलगा, कान बाहेर आलेले, टोपी मागे सरकलेली. मुलाच्या मुठीत मुलीचा हात होता. क्राइनच्या आईनं, आद्रियाना बोगर्टनं, ती मूठ फार मन लावून काढली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती, इतका तो हात घट्ट धरलेला होता.

"हा कोण?" क्राइन म्हणाला.

"तुम्ही."

तो कडेनं पाहत राहिला. भिंग एकदा चेहऱ्यावर, एकदा हातावर, पुन्हा चेहऱ्यावर. "मी तेव्हा शाळेत होतो," तो म्हणाला. "ते सबंध वर्ष आईनं या खोलीला कुलूप लावलेलं, मला आत यायला बंदी होती. मला माहीतच नाही. पुढच्या वर्षी मी पाहिलं तेव्हा ती एकटीच होती."

योरीनला सगळा हिशेब एकदम समजला आणि तो त्यालाही समजू नये असं तिला फार फार वाटलं. ती घाईनं म्हणाली, "मेनीर, यांच्याखाली मूळचा रस्ता आहे. संस्थेला तो हवा असेल. पण मी इथं थांबा असं लिहिणार आहे. चौथं प्रकरणही नव्यानं लिहिते. थांबू ना?"

"थांब." मग थोड्या वेळानं: "योरीन, ते गवत पहिल्यांदा कुणी काढलं?"

आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जिभेवर खोटं येईना. जानेवारीत काढलेला गवताचा कण तिनं आत्तापर्यंत नीट पाहिलाही नव्हता. तो मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बघता बघता मोठ्यानं सांगितलं, कारण तिला तेवढंच येत होतं. "सगळ्यांत खालचा हिरवा वेगळा आहे. बारीक वाटलेला, हात सफाईचा. तो आईंचा. त्याच्यावरचे सगळे दुकानी रंगाचे आहेत."

"आईचे किती?"

"एक."

"आणि माझे?"

"एकोणसत्तर."

क्राइननं भिंग मांडीवर ठेवलं. आता तो कुठंच पाहत नव्हता. कापडामागे वारा आला, दोन्ही मुलं हलली आणि स्थिरावली.

"बारा वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. "सांगितल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मग त्या दिवशी तिनं मला खोलीत बोलावलं, ब्रश हातात दिला आणि म्हणाली, आजपासून गवत तुझं. मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडलो होतो गं, आनंदानं. मला वाटलं, आईनं मला माफ केलं."